बाहेरून रंगवलेलं घर

मांगेरे, ऑकलंड
७ जून १९८७

चि. फिलिमोने यास,
कलोलाइनेताईचे अ. आ.

तुझ्या पत्राची वाट पाहून पाहून शेवटी मीच लिहायला बसले आहे. धाकट्या भावाने आधी लिहावं, अशी आपली रीत. पण बेट सोडलं की रीत कशी सुटते, ते मी इथे रोज बघते.

सुखरूप आहे म्हणायचं. थंडी अशी, की आंघोळीच्या नुसत्या विचाराने दात वाजतात. लेक विका आणि जावई दोघंही कारखान्यात पाळीवर जातात. एक घरी येतं तेव्हा दुसरं निघतं. मी नातवंडांना सांभाळते, म्हणजे काय ते ऐक. नात चौदा वर्षांची, नातू बारा वर्षांचा, आणि दोघं एकाच सोफ्यावर खेटून टीव्ही बघतात. बहीण आत आली की भावाने उठून बाहेर जायचं, एवढंही पोरांना ठाऊक नाही. मी बोलले तर हसली. विकाला सांगितलं, तर तिनं मलाच विचारलं की बाहेर पाऊस आणि घरात टीव्ही एक, मग मुलाला घालवू कुठे. शेवटी मीच उठते आणि माझ्या खोलीत जाऊन बसते. तिथे खिडकीच्या काचेवर आतून पाणी धरतं आणि ओघळून उशीवर येतं. ते मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या दोघांना व्याप काय कमी आहेत? आणि ओल्या उशीची मला सवय आहे.

माझं घर कसं आहे ते कळव. किल्ली आपल्या धाकटीकडे, फानेकडे दिली आहे, तिला अंगण झाडायला सांग. ऑगस्टमध्ये तुझ्या सेमिसीचं लग्न. नवऱ्या मुलाच्या थोरल्या आत्याची जागा सगळ्यांच्या वर असते आणि केकचा वरचा मजला तिच्या घरी जातो, हे तुला सांगायला नको. मी येणार आहे. जागा धरून ठेव.

पाद्रीबुवांना नमस्कार सांग. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
कलोलाइनेताई

---

वावाऊ बेट
२८ जून १९८७

ती. कलोलाइनेताईंस,
फिलिमोनेचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आधी लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचेना. एकाच गावात जन्म काढला, पण तुमच्यासमोर बसून चार वाक्यं बोलल्याचं मला आठवत नाही. बोलायचंही नसतं. मग कागदावर एकदम गप्पा कशा माराव्यात?

राग आहे, तो मात्र लिहितो. विकाने बोलावलं आणि तुम्ही आठवडाभरात निघालात. छातीत घरघर होते, तिथे चांगले डॉक्टर आहेत, एवढंच फानेकडून माझ्या कानावर आलं. भाऊ बहिणीला नाही म्हणू शकत नाही, म्हणून धक्क्यावर गप्प उभा राहिलो. पण घरघर वाढायला थंडीचा देश आणि बरी व्हायला आपलं ऊन, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

घराची काळजी करू नका. दर नाताळाला देतो तसा यंदाही बाहेरून पांढरा रंग देईन. नव्या बोटीने आलेले लोक विचारतात की हे कोणाचं घर, आणि मी छाती फुगवून सांगतो. बहिणीच्या घरात भावाने पाऊल टाकायचा प्रश्नच नाही. आजवर टाकलेलं नाही.

आता वाईट बातमी. फाने म्हणते की तुमच्या जागी, वरच्या चटईवर ती बसणार. जी समुद्र ओलांडून गेली तिनं तिकडे केक खावा, इथे मागे राहून सगळं निस्तरलं ते तिनं, असं ती चुलीपाशी बसून येईल-जाईल त्याला ऐकवते. तीही माझी बहीणच, तिलाही नाही म्हणता येत नाही. दोघींच्या कात्रीत मी सापडलो आहे. तुम्ही लवकर या म्हणजे मी सुटेन.

डुकरं दोन धरून ठेवली आहेत. आशीर्वाद असू द्यावा.

तुमचा,
फिलिमोने

---

मांगेरे
१५ जुलै १९८७

चि. फिलिमोने यास,
अ. आ.

माझं येणं होत नाही. विकाला दिवस गेलेत, हे मला इथे आल्यावर कळलं; आता डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायला बंदी केली आहे. जावई पाळीवर. मी निघाले तर ह्या घरात भात कोण शिजवणार? मी रडले नाही. बटाटे सोलत होते, ते सोलत राहिले.

पण फाने बसायची नाही. ती माझ्याहून धाकटी, आणि मी अजून जिवंत आहे. मी गेले म्हणून माझी जागा गेली, असं तुम्ही ठरवणार असाल तर मी तिकडे परत यायचं ते कशासाठी? इथे मी कोण आहे? शेजारीण मला विकाची आई म्हणून हात करते, नाव विचारत नाही. तिथली ती एक चटई, तेवढीच माझी ओळख उरली आहे.

म्हणून आता नीट ऐक. माझ्या पलंगावरच्या आढ्यावर चादरीत गुंडाळलेली मोठी चटई आहे. आईने आणि मी केवड्याची पानं सोलून, वाळवून विणलेली. ती लग्नात वरच्या जागी अंथर आणि तिच्यावर कोणालाही बसू देऊ नकोस. चटई आणायला फानेला पाठवायचं नाही, सेमिसीला नाही, आणखी कोणालाही नाही. तूच आत जा. भाऊ आत जात नाही हे मला शिकवू नकोस. थोरल्या बहिणीचा शब्द मोडत नाहीत, हेही तुला माहीत आहे. दोन्हींतलं काय पाळायचं ते तुझं तू बघ.

रागात लिहिलं आहे, खोडणार नाही. लोभ ठेव.

कलोलाइनेताई

---

वावाऊ
२३ ऑगस्ट १९८७

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

लग्न झालं. सेमिसी आणि सून दोघंही तुम्हाला नमस्कार सांगतात.

तुमचं पत्र मी आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. लग्नाच्या आदल्या दिवशी फानेकडे किल्ली मागितली. तिला वाटलं मला वेड लागलं. मी चपला काढल्या, डोकं खाली घातलं आणि तुमच्या घरात शिरलो.

ताई, पलंगाच्या बरोबर वर पत्रा फाटला आहे. आढं कुजलं आहे. उशीच्या जागी बादली, पायथ्याशी पातेलं. पलंग भिंतीपासून इतका सरकवला होता की तुम्ही एका कडेला अंग चोरून निजत असणार. भिंतींवर आतून काळी बुरशी, माझ्या पांढऱ्या रंगाच्या पाठीला पाठ लावून.

मी फानेवर ओरडलो. ती दारातच बसली आणि रडत सांगू लागली की पत्रा मोठ्या वादळात गेला, मेव्हणे वारले त्याच वर्षी. तुम्हीच तिला शपथ घातली होती, की फिलिमोनेला कळता कामा नये, कळलं तर गावात त्याची मान खाली जाईल. बादल्या ती उपसायची. छातीची घरघर कशाची हेही तिला ठाऊक होतं. तुम्ही निघून गेलात आणि गुपित मात्र तिच्या गळ्यात ठेवलंत, राग त्याचा होता. केकचं निमित्त.

मला आता तुमचाही राग येतो आणि माझाही. मी मान देत राहिलो, देत राहिलो. बहिणीच्या घरात डोकावायचं नाही म्हणून कधी साधं विचारलंही नाही की आत पाणी येतं का. आणि तुम्ही एवढ्या जवळ राहून सांगितलं नाहीत. हा कसला मान, ताई? माझ्या मानापायी तुम्हाला देश सोडावा लागला.

चटई भिजून कडेने कुजली होती. मी तीच अंथरली. लोक बघत राहिले, मुलीकडचे कुजबुजले. फाने खाली बसली, आणि केक कापल्यावर वरचा मजला तिनंच नेऊन त्या चटईवर ठेवला.

पत्रा नवा घातला. आत शिरून, मी स्वतः. आता या, किंवा तिथे राहा, तुम्ही म्हणाल तसं. पण यापुढे मला सांगत जा, एवढं मागतो.

तुमचा,
फिलिमोने

---

मांगेरे
१३ सप्टेंबर १९८७

चि. फिलिमोने यास,
अ. आ.

विकाला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. 

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस चिडले होते. फानेवर, तोंड उघडलं म्हणून. तुझ्यावर, माझी बादली बघितलीस म्हणून. मग वाटलं, आत जा असं मीच लिहिलं होतं. रागाच्या भरात पत्रा विसरले असेन, की मुद्दाम लिहिलं, ते माझं मलाच कळत नाही. तू कधीतरी विचारशील म्हणून मी वाट पाहत होते, हे मात्र खरं. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही, आणि पाऊस काही आपल्यासाठी थांबला नाही.

इतक्यात मी येत नाही. बाळ उभं राहीपर्यंत तरी नाही, आणि पुढचं कोणी पाहिलंय? घरात सेमिसी आणि सुनेला राहू दे. पत्रा कितीही नवा असला तरी आत माणूस हवं. चटईची कुजकी कड कापून फानेला पुन्हा विणायला सांग. तिचा हात माझ्याहून चांगला आहे, हे मी तिला कधी म्हटलेलं नाही, तू सांग. तुझ्या पहिल्या नातवाच्या बाप्तिस्म्याला ती चटई लागेल, आणि तेव्हा तिच्यावर फानेने बसावं. असं मी म्हणते, म्हणजे ते झालं.

माझी उशी अजून ओलीच होते. हे पत्र पेटीत टाकायला जावई बाहेर थांबला आहे. पत्र त्याच्या हातात देताना त्याला खिडकीचंही सांगते.

असाच रागावत जा आणि लिहीत जा.

तुझी,
कलोलाइनेताई