सगळ्या हो म्हणाल्या

१६ जानेवारी, शुक्रवार

माईंनी आज गळ्यात घातलं! एकतीस तारखेला इथे अंबरनाथला साठेक तरुण मंडळी जमणार आहेत. कॉलेजमधली, आयटीतली, ‘सोशलमध्ये काहीतरी करायचंय’ म्हणणारी. त्यांच्यापुढे माई बोलणार — संस्था उभी करताना मी काय शिकले, असे दहा मुद्दे. आणि ते दहा मुद्दे लिहायचे मी! मला इथे येऊन चौदा महिने झाले. त्याआधी पाच वर्षं ऐरोलीला बँकेच्या बॅक ऑफिसात कीबोर्ड बडवला. पण माई म्हणाल्या, ‘अगं, मला मुद्दे सुचत नाहीत, नुसती माणसं आठवतात. तू लिही.’

अर्ध्या तासात सात झाले. पहिला — लोकांचं ऐका. दुसरा — आकड्यांआधी एक चेहरा दाखवा. आमचा चेहरा ठरलेला आहे. मांजर्लीची बकुळा, शिवणाच्या पॉवर मशीनवर बसून हसणारी. पोस्टरवर तिच्याखाली लिहिलंय, ‘आज मी जीन्सच्या कारखान्यात कारागीर आहे.’ चार वर्षांत एकसष्ट बायकांना शिवण शिकवलं, त्यातल्या चौपन्न उल्हासनगरच्या कारखान्यांत कामाला लागल्या. हे वाक्य मी आता झोपेतही म्हणेन.

१७ जानेवारी, शनिवार

दोन तारखेच्या नव्या बॅचचे फॉर्म पूर्ण झाले. बावीस. शेवटची आली ती कुळगावची तेजल. बालवाडीत मदतनीस होती. पोस्टर बघून गेल्याच आठवड्यात ते काम सोडलं म्हणाली. ‘सहा महिन्यांनी कारखान्यातच जायचंय तर लहान पोरांची नाकं कशाला पुसत बसू?’ मी म्हटलं, शाब्बास. खरंच म्हटलं.

भावनाला (आमची शिवणाची बाई, पहिली सोडून सगळ्या बॅचेस तिच्याच) सांगितलं की भाषणासाठी बकुळाकडून दोन वाक्यं हवीत, जाऊन येते. तर म्हणाली, ‘आधी फोन कर. चार दिवस आधी. आपली तशी पद्धत आहे.’ कुणाच्या घरी असं न सांगता टपकायचं नाही म्हणे. मला फार आवडली ही पद्धत! आठवा मुद्दा म्हणून लिहून टाकली.

१९ जानेवारी, सोमवार

क्रमाने लिहिते.

बाबांच्या पेन्शनच्या कागदासाठी बदलापूरला गेले होते. काम पटकन झालं, अकरा वाजले होते, मांजर्ली जवळच. म्हटलं, बकुळा तर या वेळी कारखान्यात असणार, तिच्या सासूबाईंकडे निरोप ठेवू. दार उघडंच होतं. आत चौघी जणी चटईवर बसलेल्या. मध्ये जीन्सचा ढीग, कमरेएवढा. प्रत्येकीच्या हातात छोटं कटर — शिवून आलेल्या पँटींचे लोंबणारे धागे कापत होत्या. नगावर मिळणारं घरचं काम. आमच्या वर्गात येण्याआधी या हेच करत होत्या.

बकुळाने मला पाहिलं, उठली, आणि ढिगावर चादर टाकली. एवढा मोठा ढीग! चादर पुरेना. दुसरी टाकली.

‘आज कारखाना बंद हाय मॅडम,’ म्हणाली. बाकीच्या तिघी लगेच, ‘हो, बंद हाय.’ त्या तिघीही आमच्याच. चौपन्नातल्या.

आणि मी काय म्हणाले? ‘बरं.’ चहा प्यायले. कपाची दांडी धरलेल्या बकुळाच्या बोटांना निळा रंग लागलेला होता, तो बघत प्यायले. पोराची परीक्षा कधी ते विचारलं! निघाले तर कोपऱ्यापर्यंत त्यांतली विठा मागे आली. सगळ्यांत मोठी ती, पन्नाशीची. म्हणाली, ‘भावना मॅडमना सांगू नका. पाया पडते.’

काय सांगू नका? आणि का? विचारायचं धाडस झालं नाही.

२० जानेवारी, मंगळवार

न सांगता गेले. तीन घरं. तिघी घरी.

२१ जानेवारी

आज पाच. पाच चटया, पाच ढीग. एकीने तर मला खिडकीतून येताना बघितलं आणि पर्स खांद्याला लावून दारात उभी राहिली, ‘आत्ताच निघाले होते मॅडम, सेकंड शिफ्टला.’ पायात चप्पल नव्हती.

हसू आलं, ते रस्त्यावर येईपर्यंतच टिकलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

पुन्हा बकुळाकडे गेले. या वेळी तिने चादर टाकली नाही. मीही चटईवर बसले. म्हटलं, ‘बकुळाताई, मी रागावायला आले नाही. मला फक्त समजून घ्यायचंय.’ तिने पुढची पँट ओढून धागे कापायला घेतले. मग बोलली. जसं आठवतंय तसं लिहिते.

‘पहिल्या बॅचला किर्ती मॅडम होत्या. लय जीव लावून शिकवायच्या. तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला, कोण कोण कामाला लागलं? आम्ही खरं सांगितलं. दोघी लागल्यात, बाकीच्या घरी. पुढच्या महिन्यात किर्ती मॅडमना काढलं. सामान न्यायला आल्या तेव्हा रडल्या आमच्यासमोर. आमच्यामुळं गेली ना त्यांची नोकरी? मग भावना मॅडम आल्या. त्यांचाही फोन आला, आता तरी लागलात का? आम्ही विठामावशीच्या घरी बसलो आणि ठरवलं, हिची नोकरी आपण जाऊ द्यायची नाय.’

ठरवलं म्हणजे अगदी नीट ठरवलं! कुणी कोणत्या कारखान्याचं नाव सांगायचं, कुणी ‘आता सुपरवायझर झाले’ म्हणायचं, कुणी मुद्दाम ‘नाही लागले’ म्हणायचं — सगळ्याच हो म्हणाल्या तर संशय येईल म्हणून. त्या सात जणी! एकसष्ट वजा चौपन्न. मी ते सात अहवालात ‘आव्हानं’ या सदरात लिहिले होते. पुढच्या प्रत्येक बॅचला आधीच्या बॅचने पढवलं. आणि आपण चार दिवस आधी फोन करून त्यांना तयारीला वेळ देत होतो.

पोस्टरवरचा फोटो? आमच्याच वर्गातला. मागे आमचीच हिरव्या गजांची खिडकी आहे. मी रोज त्या खिडकीपाशी डबा खाते.

‘पण कारखान्यात का नाही गेलात?’ हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा! सकाळी नऊला उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये हजर, सुटायला रात्रीचे आठ. इकडे नळाला पाणी येतं संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा. पाणी कोण भरणार, पोरांना कोण बघणार? बकुळा एकोणीस दिवस गेली होती. विसाव्या दिवशी धाकटा एकटाच नदीकडे गेलेला सापडला. ती परत गेली नाही.

‘मशीन मस्त येतं मॅडम,’ हे मात्र तिने अगदी मनापासून सांगितलं. जणू माझीच समजूत काढत होती.

मला इतकी लाज आयुष्यात वाटलेली नाही.

२४ जानेवारी, शनिवार

माईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या हादरतील. त्या चष्मा पुसत राहिल्या.

मी विचारलं, ‘किर्ती लग्न ठरलं म्हणून गेली, असं तुम्हीच सांगितलं होतं ना मला?’

‘हो. खोटं सांगितलं.’ एवढं सरळ! ‘तेव्हा मी शाळेतली नोकरी सोडून नुकतीच यात पडले होते. पैसे देणाऱ्यांनी विचारलं, बॅच फसली, मग तुम्ही काय सुधारणा केलीत? मला काही सुचेना. मी माणूस बदललं. पाण्याची वेळ बदलणं माझ्या हातात नव्हतं.’

‘आणि नंतर सगळ्या कामाला लागल्या, यात तुम्हाला काही वाटलं नाही?’

‘वाटलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.’

मी आवाज चढवला. माईंवर! म्हटलं, तेजलने बालवाडीचं काम सोडलंय, ही बॅच सुरू करायची नाही. माई म्हणाल्या, ‘शिकलेलं वाया जात नाही गं.’ मी म्हटलं, हे तुम्ही तेजलला सांगा. तेव्हा कुठे त्यांनी चष्मा चढवला. मग म्हणाल्या, ‘एकतीसला मी बोलत नाही. तू बोल. काय बोलायचं ते तुझं तू ठरव. त्या बावीस जणींनाही बोलव.’

मोठेपणा की सुटका, कळत नाही. संताप संताप झालाय.

२६ जानेवारी, सोमवार

किर्तीला शोधलं. अंबरनाथ पश्चिमेलाच राहते, संस्थेपासून दहा मिनिटांवर! घरी ब्लाउज शिवते. मी कोण ते सांगितल्यावर तिने आधी हातातली पट्टी पूर्ण केली, मग पंखा लावला.

तिला का काढलं हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तीन वर्षं ती समजत होती की तिला शिकवता येत नाही. म्हणून नंतर कुठे वर्ग घेतला नाही.

‘माई दर संक्रांतीला येतात,’ म्हणाली. ‘तिळगूळ देतात, पाच मिनिटं बसतात, काही न बोलता जातात. मला वाटायचं, म्हातारीचं प्रेम आहे. काल रथसप्तमीला आल्या आणि पहिल्यांदा बोलल्या. चुकले म्हणाल्या. कशाबद्दल ते आज तू सांगितलंस.’

बकुळा आणि बाकीच्यांनी तिच्यामुळे काय केलं तेही सांगितलं. ती एकदम उठून आत गेली. बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत होता.

२८ जानेवारी, बुधवार

भावनाला सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. तिला खरंच काही माहीत नव्हतं. ‘माझ्यासाठी?’ एवढंच तीन-चार वेळा म्हणाली. मग, ‘म्हणजे मी जे फोनवर ऐकत होते ना राजसी, ते मला सांभाळून घेणं होतं?’ आज तिने वर्ग घेतला नाही. मशीनवर कव्हर घालून बसून राहिली.

पोस्टर मी उतरवलं. मागे भिंतीचा पांढरा चौकोन राहिला.

दहा मुद्द्यांपैकी आता एकही उरलेला नाही.

३१ जानेवारी, शनिवार

बोलले.

पुढे साठ तरुण, वह्या उघडून. मागच्या दोन रांगांत आमच्या बावीस जणी, आणि शेवटी बकुळा, विठा. माई पहिल्या खुर्चीत. मी म्हटलं, संस्था कशी उभी राहते ते सांगते. आम्ही बायकांना मदत करतो असं आम्ही चार वर्षं समजत होतो, आणि त्या चार वर्षं आमच्या नोकऱ्या वाचवत होत्या. मग सगळं सांगितलं. किर्तीचं, चादरीचं, त्या सात जणींचं. बकुळाचं नाव घ्यायचं का ते तिला आधी विचारलं होतं. ‘घ्या, पोस्टरवर काय कमी घेतलं?’ म्हणाली होती.

तेजलकडे बघून बोलायला लागले आणि रडू फुटलं. चांगलं नाही, नाक वाहणारं. तसंच पुढे बोलले. ‘सोमवारी येऊ नका. शिकवायला आम्ही शिकवू, पण कारखान्यात जाणं तुम्हाला जमणार नाही, आणि हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. तेजलताई, बालवाडीत मी तुमच्यासोबत येते, काम परत मागू.’

आणि मग टाळ्या! साठच्या साठ जण टाळ्या वाजवत होते. मला कळेचना, कशाच्या? एका मुलाने उठून विचारलं, ‘मॅम, एवढं ऑनेस्ट राहायचं तर त्यासाठी टीममध्ये कल्चर कसं बिल्ड करायचं?’ तो उत्तर लिहून घ्यायला पेन धरून उभा होता. मी खरंच म्हटलं, मला माहीत नाही. त्याने तेही लिहून घेतलं.

बाहेर तेजलला गाठलं. ‘ती जागा भरली मॅडम,’ म्हणाली. ‘तुम्ही नका रडू.’ माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तिचं काम घालवलंय, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवते!

१ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर झोपले. बाबा म्हणाले, बँकेत परत घेतात का बघ. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. पण निदान या वेळी कुणाला खोट्या आशेवर बसवलं नाही, एवढं समाधान आहे. उद्या जाऊन वर्गाला कुलूप लावते आणि माईंना भेटते.

२ फेब्रुवारी, सोमवार

साडेदहाला गेले. कुलूप काढलेलं. आत बावीस जणी, ओळीत, प्रत्येक मशीनपुढे दोघी.

मी दारातच. तेजल उठली. ‘बकुळाताई आणि विठामावशी काल घरोघरी आल्या होत्या. बोलल्या, राजसी मॅडम नवीन हायत, खरं बोलून बसल्या. आता वर्ग भरला नाय तर त्यांना काढतील. सहा महिन्यांचं काय एवढं, बसू आम्ही. नंतर फोनवर काय सांगायचं तेपण ठरलंय.’

मी म्हटलं, अहो नाही. नको. घरी जा. कुणी उठलं नाही.

‘घ्या ना मॅडम हजेरी.’

घेतली.