फाट्यावरील हसऱ्या फलकाबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
आनंदी माता अभियान,
चाकूर विभाग, जि. लातूर

विषय : माझ्या मयत सुनेचा फोटो असलेला फलक काढणेबाबत.
संदर्भ : आपल्या कारकुनाने खिडकीतून दिलेले तोंडी उत्तर.

महोदय,

माझा नातू पंचाक्षरी जन्मला व त्याच्या गळ्यात लिंग बांधले ते साल २०२४. त्याच उन्हाळ्यात आपण लहान लेकरांच्या आयांचा ताणमुक्ती मेळावा घेतला. माझी सून शिवकन्या हिला न्यावेच लागले. लेकरू झाल्यापासून तिला झोप नव्हती. लेकरू रडले की ती भिंतीकडे तोंड करून बसे. मेळाव्यात तिने हे सर्व आपल्या मॅडमना सांगितले. मॅडम म्हणाल्या, "अगं, आधी हस बघू. फोटोत रडकी आलीस तर वर काय पाठवू?" ती हसली. मॅडमनी तिला पुन्हा हसायला लावले, कारण पहिल्या वेळी दात दिसले नव्हते.

त्याच आठवड्यात तिने जीव दिला. चौकशीत मॅडमनी तोच फोटो दाखवला व बाईस कसलाही त्रास नव्हता असा जबाब लिहून दिला. पुढे तो फोटो फलकावर छापून आमच्या फाट्यावर लावला. खाली लिहिले आहे : हसरी आई, सुखी बाळ.

पंचाक्षरी आता बोलू लागला आहे. फाट्यावर आला की "आई हसायली" म्हणतो आणि एस.टी.त चढत नाही. हॉटेलातली रिकामी माणसे त्याला म्हणतात, "बोलाव की रे, खाली ये म्हणावं." तो बोलावतो. आवाज बसेपर्यंत बोलावतो.

मी आपल्या कार्यालयात आले. फोटोतील बाईने स्वतः हजर राहून हरकत घ्यावी, असा नियम सांगण्यात आला. ती मयत आहे म्हटल्यावर कारकून म्हणाले, "मग मावशी, हरकत हायच कुणाची?"

तरी फलक काढावा. ते जमत नसेल तर निदान तिच्या तोंडावर चुना फासण्याची परवानगी मला द्यावी. चुना व कुंचला घरचा आणीन. शिडी तेवढी कार्यालयाने द्यावी.

उत्तराची वाट पाहणारी,
नागुबाई शरणप्पा हुडगे
मौजे बेलवाडी, ता. चाकूर
दि. ९ फेब्रुवारी २०२६

(अर्ज मी स्वतः लिहिला आहे. अक्षर म्हातारपणी शिकले, चूकभूल माफ असावी.)

सोबत : मृत्यूच्या दाखल्याची प्रत. झेरॉक्स पुसट आली आहे, म्हणून त्यातील मजकूर खाली लिहिते.
शिवकन्या गुरुबसप्पा हुडगे, वय चोवीस, दि. १८ मे २०२४ रोजी मयत.