कातडे पांघरलेले कोकरू

३ मार्च

आज पोहोचले. जाम्सरानमामांच्या ट्रकमध्ये चाऱ्याच्या पोत्यांवर बसून आले. मन इतके प्रसन्न होते की हाडे खिळखिळी झाल्याचे उतरल्यावरच ध्यानात आले. मामा आमच्या वसतिगृहाला कोळसा पुरवतात, त्यामुळे त्यांनी मला लहानपणापासून पाहिलेले. वाटभर थट्टा चालली होती. "शाळेत पहिली आलीस खरी, पण मेंढी दूध कुठून देते ते ठाऊक आहे का, मास्तरीणबाई?" ठाऊक होते, पण तोंडातल्या तोंडात उत्तर देण्याची माझी सवय जात नाही, आणि ते उत्तर इंजिनाच्या आवाजात बुडाले.

वाळवंटात तंबू दिसताच मामांनी इथल्या रीतीप्रमाणे आरोळी ठोकली, "कुत्रं धरा!" हसत बाहेर आल्या त्या ओत्गोनवहिनी, या घरच्या सूनबाई. त्यांचे यजमान उंटांचा कळप घेऊन दक्षिणेकडे गेले आहेत. कोकरे जन्मण्याच्या दिवसांत हाताशी कोणी हवे, म्हणून मला बोलावले आहे. त्यांचे सासरे, घरधनी लुव्सानकाका, मितभाषी. तुझ्यामागे कोण आहे, एवढेच त्यांनी विचारले. मी म्हटले, कोणी नाही. मी रांगत होते तेव्हाच आई गेली, वडील ठाऊक नाहीत. काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. मग "बरं झालं" म्हणाले आणि खारट चहाचा वाडगा पुढे केला.

एप्रिलच्या अखेरीस मामा बकऱ्यांची लोकर न्यायला येतील, त्याच ट्रकने मी परतेन. पुढच्या हिवाळ्याआधी राजधानीत, अध्यापक विद्यालयात. हे वाक्य नुसते लिहितानाही जिभेवर गोडी येते.

७ मार्च

पहाटेपासून कोकरे. ओली, थरथरती, आपल्याच पायांत अडखळणारी. बोकडाने मला शेणात पाडले, तेव्हा वहिनी पोट धरून हसल्या. "पुस्तकात नव्हता वाटतं हा धडा!" मलाही हसू आले. इथे मी लवकर रुळेन असे वाटते.

तंबूच्या पूर्व बाजूला डोल्गोरकाकू बसून असतात. काकांच्या पत्नी. बोलत नाहीत, खात नाहीत. ओठांशी चहा धरला तर मान फिरवतात. शेण वेचताना वहिनींनी सगळे सांगितले. खुलान नावाची माझ्याच वयाची लेक होती. गेल्या वसंतात, भर दुपारी, चुकलेल्या बकऱ्या शोधायला गेली आणि धुळीचे वादळ उठले. बकऱ्या आल्या. ती आली नाही. अर्ध्यात संपलेल्या पावलांशिवाय तिचे काहीच सापडले नाही. तेव्हापासून धूळ उठली की काकूंना तिची हाक ऐकू येते आणि त्या उठून चालू लागतात. म्हणून त्या दिवशी दाराला उंटाच्या केसांचा दोर बांधतात.

मी विचारले, हाक फक्त त्यांनाच ऐकू येते का. वहिनींनी पाठीवरची टोपली सावरली. "वारा गं तो. वाऱ्याला काय, काहीही बोलता येतं."

१२ मार्च

आज एक कोकरू मेलेले जन्मले, आणि त्याच सकाळी एक मेंढी आपले पिल्लू मागे ठेवून मेली. काकांनी मेलेल्या कोकराचे कातडे असे अलगद उतरवले की जणू झोपलेल्या मुलाचा सदरा काढत आहेत. मग त्यातून पोरक्या पिल्लाचे पाय ओवले आणि त्याला मेलेल्या कोकराच्या आईपुढे उभे केले. वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत, मेंढीला परके पिल्लू घ्यायला लावणारे गाणे गात बसल्या: तोइग, तोइग, तोइग. मेंढीने हुंगले, धडक दिली, पुन्हा हुंगले. दुपार कलता कलता पिल्लू तिला लुचू लागले.

"बघ, कशी फसली येडी!" वहिनी म्हणाल्या.

काका म्हणाले, "फसत नाही ती. तिला फसायचं असतं."

राखेच्या ढिगापाशी ते कातडे काढलेले कोकरू पडले होते. लाल, ओले, इतके उघडे की मला नजर वळवावी लागली.

२० मार्च

माझे निळे जाकीट कोकरांच्या ओलीने आणि रक्ताने वाळून कडक झाले आहे. वहिनींनी पेटीतून खुलानचा अंगरखा काढून दिला. तपकिरी रेशीम, आतून मेंढीचे कातडे. माझ्या मापाचा असावा इतका बेतशीर बसला.

तो घालून चहा द्यायला गेले तर डोल्गोरकाकूंनी मान वर केली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून त्यांनी गाल हुंगला, आया आपल्या लेकरांना हुंगतात तसा. माझा गाल आजवर कोणी हुंगला नव्हता. लिहायला लाज वाटते. पण त्यांनी माझा चेहरा तसाच धरून ठेवावा, असे मला वाटले.

मग त्यांनी मान फिरवली. अंगरखा धुवू नकोस, असे काका म्हणाले.

२८ मार्च

लेकीचे गळलेले केस काकू उशीत जपून ठेवत. वहिनींनी आज ते माझ्या वेणीत गुंफले. मी अंग चोरले, तर म्हणाल्या, "लाजतेस काय एवढी, तुला बघायला आलेत का?" केसांतून वाळूचे कण माझ्या मानेवर उतरत होते.

चहा घेऊन वळले आणि पाहिले. काका डोल्गोरकाकूंच्या मागे बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत होते आणि हलकेच गात होते. तोइग, तोइग.

काकूंनी माझ्या हातून चहा घेतला. सगळा प्यायल्या.

माझ्या सारे ध्यानात आले. मला राग यायला हवा होता. आला नाही, आणि याचीच आता भीती वाटते.

४ एप्रिल

दुपारी धूळ. छताच्या झरोक्यातून येणारा उजेड पिवळा झाला. दाराला दोर बांधला.

मलाही ऐकू आले. विहिरीच्या बाजूने. "आई." पुन्हा, जरा जवळून. वहिनी मोठ्याने गाऊ लागल्या. डोल्गोरकाकू उठल्या नाहीत. त्यांनी माझे मनगट घट्ट धरले आणि मला म्हणाल्या, "खुलान, थंडी वाजते का बाळा?"

काका रडले. आनंदाने.

बाहेरची हाक थांबली. गेली नाही. कान देऊन कोणी उभे राहावे, तशी थांबली.

९ एप्रिल

पेटीत ठेवलेले माझे निळे जाकीट आता तिथे नाही. काकांनी सरळ सांगितले. खुलानची पावले जिथे संपली होती, तिथे त्यांनी ते दगडाखाली ठेवून दिले आहे. तिचे कपडे तू घेतलेस, तिची आई घेतलीस, असे म्हणाले. "ती उघडीच आहे तिथं. तिला नको का काही पांघरायला?"

मी म्हटले, मला परत जायचे आहे. ते म्हणाले, जायचंय ना. ट्रक यायचाच आहे.

१५ एप्रिल

भर दुपारी, लख्ख उन्हात, विहिरीपाशी निळे जाकीट उभे होते. पाठमोरे. कुत्रा भुंकला नाही. शेपूट हलवत गेला.

चालत गावी जाते, असे वहिनींना म्हटले. हसल्या. "चालत? वाळूत वाट तरी दिसते का तुला? कावळ्यांचंसुद्धा पोट भरायचं नाही तुझ्यावर, खुलान." मी म्हटले, माझे नाव नोमिन. त्यांनी चटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. हसू पार मावळले होते. बाहेर हे नाव घेऊ नकोस, म्हणाल्या. कोणीतरी ते पाठ करते आहे.

२२ एप्रिल

आज धूळ नव्हती. तरी आवाज. आता "आई" म्हणत नाही. "नोमिन" म्हणतो. पुन्हा पुन्हा, हळू, तोंडातल्या तोंडात — माझ्यासारखा.

डोल्गोरकाकू आता जेवतात. मला कुशीत घेतात. मी घेऊ देते. ट्रक आला की जाईन. ट्रक येईपर्यंतच —

२७ एप्रिल

ट्रक आला. धावले. मामा लोकरीची पोती चढवून हात झटकत होते. मला पाहून त्यांचे डोळे भरले. "खुलान! अगं, सापडलीस तू? आईचं नशीब गं पोरी!"

मी ओरडले — आयुष्यात पहिल्यांदा ओरडले — मी नोमिन आहे, मामा, मी नोमिन. ते काकांकडे बघून हसले. "वादळानं डोकं फिरवलंय वाटतं हिचं. नोमिन केव्हाची बसलीय आत. शहराची घाई बघा! वाटेत बोलेल तर शपथ, तशीच मुखदुर्बळ."

पुढच्या काचेआड निळे जाकीट. डोळ्यांपर्यंत रुमाल. दार ओढले, आतून धरलेले होते. बाहीतून वाळू गळत होती, बारीक, थांबत नव्हती —

काकांनी मला मागून धरले. ट्रक गेला. माझी जागा गेली त्यात. माझे नाव. सगळे.

२८ एप्रिल

सकाळी डोल्गोरकाकूंनी माझा गाल हुंगला. पुन्हा हुंगला. पुन्हा.

मान फिरवली.

चहा घेत नाहीत. दारातून ट्रकच्या वाटेकडे पाहत बसल्या आहेत. काका गातात. घसा बसला तरी गातात.

२९ एप्रिल

धूळ. दोर तोडून त्या गेल्या. काका म्हणतात, जा, तू लेक तिची, तुझ्याच हाकेने वळेल. वहिनी माझ्याकडे बघत नाहीत.

दारात बसून लिहिते आहे. धुळीतून त्यांचा आवाज येतो. खुलान म्हणत नाहीत. "नोमिन" म्हणतात. ट्रक गेला त्या वाटेवर — नोमिन, नोमिन, थांब गं बाळा —

या नावाने मला कधी कोणत्या आईने हाक मारली नव्हती. ही हाक मला नाही. ठाऊक आहे मला. तरी —

ओ दिली. आवाज थांबला. धुळीत त्या दिसतात, उभ्या. वाऱ्यात नाक वर करून — वास घेत आहेत. माझा की —

उठते. आणखी एकदा, मोठ्याने. आई, इकडे, मी इथे आहे, मी