अकरावा रकाना

दि. ४ मार्च

चि. खारीस अनेक आशीर्वाद.

तू म्हणालीस, तुझ्याकडे कायमचं यायचा फॉर्म फुकट आहे, फक्त भरून पाठवा. फुकट! ऐक मग. दोन दिवस वर्कशॉप बंद. फोटोवाल्याकडे चार खेपा, कारण मी हसतो म्हणून तीन फोटो बाद. चौथ्या वेळी त्याने मला साडूची आठवण काढायला सांगितली, तेव्हा कुठे चेहरा सरकारी झाला. वरचा ओठ दिसत नाही म्हणून तीस वर्षं जपलेली मिशी कातरली. डॉक्टरांकडे शिक्क्याला गेलो, तर त्यांचा पंखा कुरकुरत होता. स्टुलावर चढून उतरवला, तेल घातलं, परत टांगला. डॉक्टर म्हणाले, आता तुम्हाला परावलंबी लिहिलं तर माझीच डिग्री काढून घेतील.

एवढं करून शेवटच्या पानावर निघाला अकरावा रकाना. अर्जदाराला रोजच्या कामांत दुसऱ्याच्या मदतीवाचून जगता येत नाही, हे खरं आहे काय? मी लिहिलं, नाही. खाली चार ओळी मोकळ्या होत्या, त्या वाया कशाला घालवा? म्हणून लिहिलं की उलट मुलगीच माझ्यावर अवलंबून आहे. तिचं कपडे धुवायचं मशीन मी तीनदा फोनवर नुसता आवाज ऐकून ठीक केलं. खोटं काय त्यात? रस्त्याने जाताना कुणाच्या पंपाची मोटार ऐकली तरी कुठलं बेअरिंग गेलंय ते मी सांगतो. समुद्रापलीकडचं ऐकणारे कान या धंद्यात दुसऱ्या कोणाचे असतील तर दाखव. सही ठोकली, पाठवून दिला.

पाचवा महिना आहे, जड उचलू नकोस. माझ्यावरचा राग फोनवर काढू नकोस, कागदावर काढ. पुरवून पुरवून वाचता येतो.

तुझा,
बाबा

दि. २१ मार्च

ती. बाबांना शि. सा. न.

अर्ज परत आला. इथल्या व्हिसा ऑफिसातल्या बाईंनी मला बोलावून अगदी गंभीरपणे विचारलं की यात येणार कोण आहे आणि सांभाळणार कोण? तुमचे जावई शेजारी मान खाली घालून हसत होते. घरी आल्यावर त्यांना ताट स्वतःचं स्वतः वाढून घ्यावं लागलं.

बाबा, दारं मोजकीच आहेत. पाहुणे म्हणून आलात तर सहा महिन्यांनी परत. आईवडिलांसाठी एक रांग आहे, पण तिच्यात नंबर लागेपर्यंत पोटातलं बाळ दप्तर घेऊन शाळेत जाईल. उरला आश्रिताचा अर्ज. त्यात ‘होय’ एवढंच लिहायचंय, आणि डॉक्टर मिळतो दुसरा. आई जाऊन तीन वर्षं झाली. तुम्ही दुपारचं जेवण वर्कशॉपात उभ्याउभ्या उरकता, हे मला शेजारच्या बाईंनी कळवलंय. मी इथल्या इस्पितळात दिवसभर दुसऱ्यांच्या वडिलांना हात देऊन उठवते. स्वतःच्या वडिलांकडे एक ‘होय’ मागितलं तर त्यांचा कणा मोडणार आहे का? मला तुम्ही सहा महिने नकोत, कायमचे हवेत.

नवा फॉर्म जोडलाय. मीही तुमचीच मुलगी आहे, हटणार नाही.

लोभ आहेच, तो वाढवा. उत्तर तेवढं बदला.

तुमची,
खार

दि. ९ एप्रिल

चि. खारीस अ. आ.

शेजारच्या बाईंची बातमी खरी, पण अर्धी. उभ्याने जेवतो, कारण खुर्चीवर गिऱ्हाइकाच्या पंपाची मोटार असते.

नवा फॉर्म पुढ्यात घेऊन बसलो. ‘होय’ लिहायला पेन टेकवलंही. पण खारे, लोकांच्या दुकानात झाडू मारून मी हे काम शिकलो, तेव्हासुद्धा कोणाचा आश्रित म्हणवून घेतलं नाही. आता हातपाय धड असताना लिहून देऊ? उद्या तुझं पोर विचारेल, आजोबा कोण म्हणून आले? सरकार त्यांचं, रकाना त्यांचा, सही मात्र माझी. ती खोट्यावर होणार नाही.

म्हणून पाहुण्याचा अर्ज केलाय. सहा महिने येईन, परत जाईन, पुन्हा येईन. खेटे घालून त्यांनाच कंटाळा आणीन. भेटीचा उद्देश विचारला होता. लिहिलं, नातवंड आणि मशीन. गेल्या महिन्यात तू पुन्हा ऐकवलीस ती खडखड आता फोनवर भागण्यातली नाही. बेअरिंग शोधून आणलंय, बॅगेत सदऱ्यात गुंडाळून ठेवलंय. आल्या आल्या आधी मशीन उघडीन, मग चहा.

रुसलीस तरी पत्र धाड.

तुझा,
बाबा

दि. १२ मे

ती. बाबांना शि. सा. न.

व्हिसा मिळाला हे ऐकून उडी मारणार होते, पोटाने अडवलं. पाहुणे तर पाहुणे, या. पण त्या आईवडिलांच्या रांगेत मी तुमचं नाव घालून टाकलंय, तुम्हाला न विचारता. ती नोंद मुलीनेच करायची असते आणि त्या कागदात अकरावा रकाना नाही. नंबर लागेल तेव्हा लागेल. हटणार नाही म्हटलं होतं ना?

मिशी वाढवून या, नाहीतर बाळाची ओळख चुकीच्या माणसाशी होईल.

तुमची,
खार

ता. क. बेअरिंग आणू नका. आमची नवराबायकोची कामाची पाळी उलटसुलट असायची, घरात बोलायला कोणी नसे. ‘कशी आहेस’ झालं की तुम्ही दोन वाक्यांत फोन ठेवायचात. मशीन बिघडलं म्हटलं की तासभर बोलायचात. मशीनला कधीच काही झालं नव्हतं. आत मी चमचा टाकत होते.