अडेलहाइडने मोठ्याने वाचायचे कलम

मी, योआखिम एवाल्ड फॉन ट्रेब्नो, वय अठ्ठावन्न, घोडदळाचा माजी कप्तान, राहणार मौजे ट्रेब्नो, पोमेरानिया, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. मांडीत एक शिशाची गोळी आहे, पण तिचा बुद्धीशी काही संबंध नाही. कोणी धाक घातलेला नाही. ज्यांना माझं वाईट करायचं होतं, त्यांचं ते केव्हाच करून झालं आहे.

कलम १. ट्रेब्नोची जहागीर घराण्याच्या रिवाजाप्रमाणे चुलतभाऊ एगोनकडे जाईल. त्याला राय आणि बार्ली या धान्यांतला फरक कळत नाही. कायद्यापुढे माझा इलाज नाही. त्याने निदान ओढ्याकाठची ओक झाडं तोडू नयेत, ही विनंती. तो तोडेल.

कलम २. शहरातलं घर, आतल्या सामानासुमानासह, माझी घर सांभाळणारी डोर्टे सीवर्ट हिला द्यावं. हे लिहीत असताना ती मागे उभी आहे आणि कटकट करते आहे.

"साहेब, एवढ्या घराचं मी काय करू? झाडूनपुसूनच मरेन की!"

"मग झाडू नकोस. मालकीण होऊन बस."

"बसायची सवय कुठंय मला? आणि आधी ते सूप प्या, गार झालंय."

घर तिलाच द्यावं. माझ्या दुखऱ्या पायाला तिने इतकी वर्षं शेक दिला. माझ्या रक्ताच्या माणसांपैकी कोणी पाय कसा आहे एवढंही विचारलं नाही.

कलम ३. मला साध्या काळ्या कोटात पुरावं. पेटीतला रेजिमेंटचा पांढरा अंगरखा अंगावर चढवू नये. नोकरी सोडताना अधिकाऱ्याला गणवेश घालायची राजाची परवानगी मिळते, मला ती नाकारली गेली. याचा अर्थ माणसाची अब्रू गेली, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. सणावारी चर्चमध्ये सगळे माजी अधिकारी छाती काढून पुढच्या बाकावर बसतात आणि मी मागे, धान्याच्या व्यापाऱ्यांत. (व्यापारी बरे असतात. ते सरकून जागा देतात.) तो अंगरखा बागेतल्या बुजगावण्याला घालावा. चेरीवर पाखरं फार येतात, आणि बुजगावण्याला राजाची परवानगी लागत नाही.

कलम ४. माझ्या सगळ्या घोड्या, शिंगरं, खोगिरं आणि तलवार भाचा लेफ्टनंट बोथो फॉन रास्को याला द्यावीत. त्याला पहिल्यांदा खोगिरावर मीच बसवलं. तो आता माझ्याच जुन्या रेजिमेंटमध्ये आहे. गेल्या ईस्टरला आला, खारवलेलं हंसाचं मांस पोटभर खाल्लं आणि हसत म्हणाला, "मामा, मेसमध्ये म्हणतात तुम्ही एकदा घोड्यावर बसलात की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाहीत. बाबा पण तसंच सांगतात." मी त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. पोराचा राग कसा करायचा? पण त्या रात्री मला रडू आलं, हे लिहायला मी लाजत नाही.

कलम ५. हे कलम न्यायालयाच्या कारकुनाने वाचू नये. ते वेगळ्या पानावर आहे आणि त्याची दुसरी प्रत नाही. वाचन इथवर आल्यावर हे पान माझी बहीण, जनरल कुनो फॉन रास्को यांची पत्नी अडेलहाइड, हिच्या हाती द्यावं. तिने ते नवऱ्यासमोर आणि बोथोसमोर मोठ्याने वाचावं. ती थांबली तर पुढचं कोणी वाचू नये आणि पान परत मागू नये. खोलीतली शेगडी पेटलेली असावी.

अडेलहाइड, वाच.

फ्रान्सच्या लढाईत बीटाच्या शेतापाशी कुनो घोडा फेकत माझ्याकडे आला. तेव्हा तो जनरलचा निरोप्या अधिकारी होता. म्हणाला, "योआखिम, जनरलचा हुकूम! समोरच्या तोफा घे, आत्ताच्या आत्ता!" घोडदळात हुकूम लेखी मागत नाहीत. मागेल तो त्या दिवसापासून कारकून. मी तलवार उपसली. ज्या दोन लेफ्टनंटांनी हा हुकूम ऐकला, ते त्याच शेतात राहिले, आणि त्यांच्याबरोबर माझी बहुतेक तुकडी. जनरलने 'थांबा' म्हटलं होतं, हे मला नंतर कळलं. कुनोला धीर धरवला नाही. तोफा पकडल्याचं श्रेय त्याला हवं होतं.

अब्रूचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या सभेत कुनोने शपथेवर सांगितलं की त्याने मला फक्त 'तयार राहा' एवढंच म्हटलं. मी त्याला खोटारडा म्हणालो. मग पिस्तुलांच्या द्वंद्वाशिवाय मार्ग उरला नाही. आदल्या दुपारी तू आलीस. हातमोजेही काढले नाहीस.

"दादा, त्याला मारू नकोस. तीन लेकरं आहेत माझी."

"आणि त्याने मला मारलं तर?"

"तू गोळी हवेत झाड. दादा, मला सगळं ठाऊक आहे, त्यानेच सांगितलंय. गोळ्या झाल्या की तो तिथेच सगळ्यांसमोर कबूल करेल. मी करायला लावते. आईची शपथ!"

हवेत गोळी झाडणारा आपलं चुकलं असं मान्य करतो, ही आमची रीत. तू अधिकाऱ्याची मुलगी, तुलाही ती ठाऊक होती. तरी मी हवेत झाडली. कुनोने मांडीत मारली, टोपी उचलून सलाम केला आणि बग्गीत बसून गेला. मी दवाखान्यात तुझी वाट पाहिली. तू आलीस ती थेट पानगळीच्या दिवसांत, तेही डोळे खाली घालून, आणि म्हणालीस, "तू एकटा जीव, दादा. तू सोसशील."

कुनोवर माझा राग आहे. पण तो भिऊन खोटं बोलला, आणि भ्यालेला माणूस काय करतो हे मी रणावर पाहिलं आहे. तू मात्र विचार करून केलंस. माझ्या पाठीवर पाय देऊन घर वाचवलंस, आणि ती पाठ तुझीच होती असं समजलीस.

आता बोथोकडे पाहून वाच: "बाळा, मामाने मस्तीत चढाई केली नव्हती. त्याला हुकूम होता. तो तुझ्या बाबांनी आणला होता आणि मला ते पहिल्यापासून माहीत होतं." बोथो, तू राजीनामा देऊ नकोस, कोणाला आव्हान देऊ नकोस. घोड्यांना ओट वेळेवर दे आणि मामाला खोटा समजू नकोस. मला तेवढंच पाहिजे.

अडेलहाइड, तुला आधीच थांबता येत होतं. हे पान आत टाकता यावं म्हणून शेगडी तुझ्यासाठीच पेटवायला सांगितली. तू मागे वचन मोडलंस तेव्हा मी कोणाला काही सांगितलं नाही. आता तर मला सांगताही येणार नाही.

सही: योआखिम एवाल्ड फॉन ट्रेब्नो

आम्हा दोघांसमक्ष सही झाली. पाचवं कलम आम्ही वाचलेलं नाही, ते झाकलेलं होतं.
साक्षीदार: १. पाद्री हाइनो क्लुत्स. २. घोड्यांचे डॉक्टर लेबेरेख्ट डुम्के.

मुक्काम ट्रेब्नो, २७ ऑक्टोबर १८८९