व्हिनेगरनं धुतलेला फिल्टर

माझ्या हट्टी बाबांना,

काल फोनवर तुम्ही कौतुकानं सांगितलंत, "तुझा फिल्टर बदलायची गरजच नाही. मी व्हिनेगरनं धुतो नि परत लावतो." तेव्हापासून मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय.

बाबा, मी बसवून दिलेल्या त्या फिल्टरमधल्या भुकटीच्या छिद्रांत नळाच्या पाण्यातलं शिसं अडकून बसतं. आंबटानं ते सुटतं. प्रयोगशाळेत आम्हीही ते असंच काढतो, पण ते विषारी पाणी सीलबंद डब्यात भरतो. तुम्ही कुठे ओतता विचारलं, तर म्हणालात, "वाया कशाला घालवू? टोमॅटोंना घालतो." रोपं उपटून टाका म्हटलं, तर "दीडशहाणे, तुझं शास्त्र तुझ्यापाशी" म्हणून फोन ठेवलात. नंतर उचललाच नाहीत.

आई गेल्यावर तुमचा जीव फक्त त्या टोमॅटोंत रमला, हे मला दिसत नाही का?

हे पत्र टाकत नाही. ते पोचेपर्यंत तुम्ही रोज ताटात टोमॅटो घ्याल. त्यापेक्षा मीच निघते. रोपं उपटताना माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, म्हणून इथे बोलून घेतलं. शिव्या द्या, पण दार उघडा.

तुमचीच,
दीडशहाणी