मुलाखतीतले पाट

८ जून

आजही पाट घेऊन आलो!

रोह्याला मुलाखत होती. रंगाची कंपनी, क्लार्कची जागा. टेबलामागे तिघे. एक पेपर वाचत होता, एक बशीतून चहा पीत होता. मधे गुप्ते साहेब. माणसं घ्यायची-काढायची ती यांनीच. लाईट गेलेली, म्हणून ते माझ्या बी.कॉम.च्या सर्टिफिकेटने वारा घेत होते. अनुभव? नाही. टायपिंग? चाळीस. ओळखीचं कोणी? नाही. संपलंच होतं. उठता उठता विचारलं, गाव कुठलं?

‘पेणजवळ, हमरापूर.’

पेपर खाली आला. बशी खाली आली. माझं सर्टिफिकेटसुद्धा खाली आलं!

‘अहो, मग गणपतीचे कारखाने तुमच्याकडेच की!’

‘वडलांचा आहे.’ कशाला बोललो मी? जीभ झडली पाहिजे माझी.

पुढे पाऊण तास मुलाखत रंगली. शाडूची मूर्ती की प्लास्टरची, डोळे कोण काढतं, सोंड कशी ठेवता. सगळी उत्तरं बरोबर! शेवटी साहेबांनी शिपायाला घरी पिटाळून सागवानी पाट मागवला. ‘पणजोबांच्या वेळचा आहे, जपा हं. दीड फुटी मूर्ती, पितांबर पिवळंच.’

‘आणि नोकरीचं, साहेब?’

‘हां, ते कळवू.’

रीत म्हणे रीत! गिऱ्हाइकाने घरचा पाट पुढे केला नि आपण हातात घेतला की ऑर्डर पक्की. त्याच पाटावर त्याचा गणपती बसायचा, पाटासकट त्याच्या घरी जायचा. कारखान्याच्या दारात ठीक आहे. पण देवाचा पाट पुढे आल्यावर नको म्हणायचं तरी कसं? एका काखेत फाईल, दुसऱ्या काखेत पाट. एस.टी.चा कंडक्टर म्हणतो, ‘जागा नाय मिळाली तर पाट टाकून बसा, भाऊ.’ सगळी गाडी हसली.

९ जून

आबांनी पाट उलटा करून खडूने लिहिलं: गुप्ते, रोहा, दीड फुटी. मग भिंतीला लावला. शेजारी पतपेढीच्या मॅनेजरचा पाट, त्याच्या शेजारी डेअरीवाल्याचा. तीन मुलाखती, तीन पाट!

‘विठू, तुझा हात लाभतो रं!’ आबा खूश.

१५ जून

मालू पेणला आत्याकडे आली होती. एस.टी. स्टँडवर भेटलो. टायपिंग क्लासात ती शेजारच्या मशीनवर असायची तेव्हापासूनचं आमचं. तिचा स्पीड साठ, माझा चाळीस.

तिचे वडील हैबतराव खांब गावाहून रोज त्याच रंगाच्या कंपनीत जातात. कामगार आहेत, वर युनियनचे पुढारी. गुप्ते साहेब नि ते वर्षभर एकमेकांशी बोललेले नाहीत. फक्त नोटीसबोर्डावरून भांडतात. गेटवर उभे राहून कंपनीच्या नावाने घसा सुकवायचा, आणि पोरगी द्यायची ती कंपनीवाल्यालाच! अटच आहे त्यांची. मला दिवाळीपर्यंत मुदत. कोलाडचा एक ऑपरेटर तिला बघायला आला तो डोक्यावर पिवळं हेल्मेट घालूनच. घरात! पोहे खाल्ले तेव्हाही काढलं नाही म्हणे. मालू हसून हसून सांगत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२४ जून

आज शहाणपणा केला. नागोठण्याला गोडाऊनकीपरची मुलाखत. गाव विचारल्यावर ठोकून दिलं, रोहा! म्हटलं, आता देतो कसा पाट बघू.

‘रोह्यात कुठे?’

एका आळीचं नाव घेतलं.

‘त्याच आळीत माझी सासुरवाडी. कोणाचे तुम्ही?’

पाटसुद्धा मिळाला नाही.

३ जुलै

मुलाखतीच्या बाकावर काळुराम भेटला. खाडीकडचा, मिठागरवाल्यांचा पोरगा, एम.कॉम. झालाय. त्याला म्हणे सगळीकडे एकच विचारतात, खडे मीठ मिळेल का? आज मी आतून पाट घेऊन आलो, तो रिकामी गोणी घेऊन आला. तिसरी पेणचीच एक मुलगी होती. तिच्याकडे पोह्याच्या पापडांची ऑर्डर!

काळुराम म्हणाला, ‘आपल्याकडं बेकारी हाय कुठं? आत गेलेला एक पण रिकामा येत नाय.’

तिघेही हसत सुटलो. शिपायाने बाहेर काढलं.

९ जुलै

आबांनी आज सकाळी पेपर वाचून जाहिरात दाखवली. मला वाटलं, बापाला काळजी आहे.

‘ही औषधांची कंपनी. जा बघू. मोठी माणसं, मोठी साईज घेतील.’

मी ताट सरकवून उठलो. आईने आबांना धुतलं, ‘पोराच्या जिवाचं काय होतंय ते बघा की जरा!’ आबा म्हणाले, ‘अगो, जाताजाता नोकरी पण विचारल तो!’

गेलो. दोन पाट.

१७ जुलै

मनाचा हिय्या करून खांबला गेलो. म्हटलं, हैबतरावांशी समोरासमोर बोलू. मालूने दारातूनच डोळ्यांनी ‘बोल’ म्हणून सांगितलं. बोललो. बी.कॉम. आहे, प्रयत्न चालू आहेत, मालूला कमी पडू देणार नाही.

हैबतरावांनी सगळं ऐकून घेतलं. ‘पोरगा तू चांगला हायस. पण मातीत हात घालणाऱ्याला पोरगी देऊन चारचौघांत काय सांगू? शिफ्टला जाणारा पायजे.’ आणि वर, ‘तुमचा गणपती मात्र एक नंबर असतो हां!’ आणि आत जाऊन पाट घेऊन आले. सागवानी. आज्याच्या वेळचा.

मुलगी मागायला गेलो, पाट घेऊन आलो. एस.टी.त आज तोच कंडक्टर. आपणहून पाटाला जागा करून दिली. ते जास्त लागलं.

२ ऑगस्ट

गुप्ते साहेबांनी बोलावून घेतलं! डोळे शांत काढा, आमच्या आईला उग्र चालत नाही, एवढं सांगायला. पण निघताना खांद्यावर हात ठेवला. ‘ती क्लार्कची जागा अजून भरलेली नाही. गणपती होऊ द्या. माझ्या मनात तुमचंच नाव आहे.’

माझ्या मनात तुमचंच नाव आहे! दिवसभर हेच घोकतोय. त्यांच्या मूर्तीचे डोळे मी स्वतः काढणार, आबांना हातही लावू देणार नाही.

१४ ऑगस्ट

आईने घात केला!

‘एवढ्या मोठ्या लोकांचे पाट, पण मळ केवढा गो बाय!’ म्हणून सगळे पाट विहिरीवर नेऊन सोडा नि काथ्या लावून घासले. वरून, खालून. देवाला बसायचंय ना! लखलखीत करून उन्हात ओळीने मांडले. मी पालथे करून बघतो तर एकावर नाव नाही.

आबांना जुन्या गिऱ्हाइकांचे पाट नुसते बघून कळतात. माझ्या मुलाखतींचे कोण ओळखणार? मीच. डोकं धरून बसलो. आई रडायला लागली, मग तिला समजावत बसलो.

१६ ऑगस्ट

बसून आठवले. पतपेढीचा फणसाचा. डेअरीवाल्याचा एक पाय डगमगतो, डेअरीसारखाच. सगळे लागले. राहिले दोन सागवानी. एक साहेबांचा, एक हैबतरावांचा. दोन्ही तेवढेच, दोन्ही काळे पडलेले. एकाच्या कोपऱ्यात पितळी पट्टी आहे. पितळ म्हणजे साहेबच! हे पक्कं.

२६ ऑगस्ट

टेम्पो भरभरून मूर्ती गेल्या. रोह्याची मी पोचवली. साहेबांनी डोळे बघून ‘वा!’ म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी साहेब मला वा म्हणाला.

२८ ऑगस्ट

पितळी पट्टी हैबतरावांची होती. वाळवी लागून कोपरा गेला, तेव्हा त्यांच्या आज्याने मारलेली.

साहेबांच्या आई काल प्राणप्रतिष्ठा झाल्यावर दर्शनाला वाकल्या नि म्हणाल्या, हा आपला पाट नव्हे. तेव्हापासून जेवल्या नाहीत. शिपाई सकाळीच हमरापूरला थडकला. मी धावत रोह्याला गेलो. साहेब म्हणाले, ‘पणजोबांचा पाट, विठू! एवढंच काम होतं तुमच्याकडे.’

तिथून खांबला. हैबतरावांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. पाट बदलून द्या! ते म्हणाले, ‘देव बसला. आता पाचव्या दिवसापर्यंत जागचा हलायचा नाय.’ मग एकदम मिशीत हसले. ‘साहेबाचा पाट माझ्या घरात! येऊ दे की त्याला दर्शनाला.’

गेली नोकरी. मालूपण गेली. पितळेच्या एका पट्टीपायी. रडलो आज, लपवायचं काय त्यात.

२९ ऑगस्ट

आलेच हो ते! साहेबांच्या आईने हट्ट धरला, माझ्या पाटावरच्या देवालाच ओवाळीन. कंपनीची जीप खांबला हैबतरावांच्या दारात! सगळा गाव गोळा. चुकलेल्या पाटाचं घर दाखवायला मलाही बरोबर घेतलं होतं. गणपतीत दारी आलेल्याला कसं हाकलणार? हैबतरावांनी तोंड फिरवून का होईना, पाय धुवायला पाणी दिलं. पुढ्यात पान वाढल्यावर साहेबांना उठता येईना. दोघे शेजारी बसून जेवले. एक शब्द नाही. मालू वाढत होती. माझ्या पानात तिने मोदक जास्त घातला.

३० ऑगस्ट

आईच्या हट्टापायी आजही जीप खांबला. जेवताना साहेबांनी हैबतरावांकडे मीठ मागितलं. वर्षातला पहिला संवाद! संध्याकाळच्या आरतीला साहेबांच्या हातात झांजा. ताल चुकला की हैबतराव कोपराने ढोसत होते.

३१ ऑगस्ट

दोन्हीकडचे गणपती नदीवर गेले, नि साहेब पट्टीचा पाट घेऊन खांबला आले. दोघे माजघरात बसून बोलत राहिले. ओव्हरटाईम, कँटीन, कायम करणं. साहेबांची आई नि हैबतरावांची बायको एकमेकींना मोदकाची उकड कशी मऊ होते ते सांगत होत्या. निघताना पाट अदलाबदल झाले. हैबतरावांनी साहेबांचा पाट स्वतः जीपमध्ये ठेवला.

५ सप्टेंबर

करार झाला! युनियनने गुलाल उधळला. दोघांनी मला बोलावून माझ्या तोंडात पेढा घातला. ‘तुमच्याच हातून देवाने घडवलं,’ साहेब म्हणाले. मी म्हटलं, हीच वेळ. ‘साहेब, ती क्लार्कची जागा...’

साहेबांचा चेहरा पडला. ‘करारात कलम आहे. रिकामी जागा आधी कामगारांच्याच मुलांना.’

हैबतराव छाती फुगवून म्हणाले, ‘मीच घालायला लावलं ते!’

पेढा माझ्या तोंडातच होता. आता तो थुंकू का गिळू?

१६ सप्टेंबर

काळुरामने बातमी आणली. जागा भरली. मालूला मिळाली! हैबतरावांना मुलगा नाही, आणि साठच्या स्पीडची कामगाराची पोर एकच. जूनपासून मी ज्या खुर्चीच्या मागे होतो, तिच्यावर मालू बसली.

रागावू कोणावर? तिला मिळायला हवीच होती नोकरी, माझ्याहून हुशार आहे ती. पण ताटावरून उठलो. आईने विचारलं, जेवत का नाहीस? तिच्यावर ओरडलो, मग स्वतःचीच लाज वाटली.

१८ सप्टेंबर

हैबतरावांची अट बदलली म्हणे. पोरगी आता कंपनीवाली झाली, तिला ऑपरेटर चालणार नाही. साधा कंपनीवालासुद्धा चालणार नाही. हापिसर बघतायत. पिवळं हेल्मेट बाद! तेवढंच एक समाधान.

आबा हळूच म्हणाले, ‘नवरात्र जवळ आलंय. देवीच्या मूर्तीसाठी कुठं मुलाखत...’ माझं तोंड बघून रंगाचा डबा ढवळायला लागले.

२१ सप्टेंबर

मालू आली. सुट्टी झाल्यावर खांबची गाडी सोडून उलटी पेणची धरली नि थेट कारखान्यात. आबा-आईच्या पुढ्यात मला म्हणाली, ‘बाबांना सांगून आलेय. नोकरी माझी, घर मी चालवीन, नवरा पण मीच बघणार. तू मूर्ती कर, नायतर अजून हजार मुलाखती दे. दिवाळीच्या आधी अलिबागला जाऊन लग्नाची सही करायची. येतोस का?’

सवयीने तोंडात आलं होतं, अनुभव नाही. गिळलं. हो म्हटलं.

मला घेतलं!